मुशीचं तेल

माझ्या मागे मांजरं लागायची. हसू नका, खरं तेच सांगतोय. बोईसर स्टेशनात मालाच्या फलाटाशी गाडी उभी केली की दोन मिनिटांत तीन-चार मांजरं चाकांशी येऊन बसायची आणि वर माझ्याकडे बघत राहायची. मी रामकिसन, नगरकडच्या कोरड्या मुलखातला. गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरात मासळी शिजणं सोडाच, तिचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावायची. आणि माझी ही गत! हमाल लांबूनच ओरडायचे, "बिल्लीवाला आ गया!" डोकं असं तापायचं की विचारू नका.

सगळा दोष गाडीचा. म्हणजे गाडीचा नाही, गाडीच्या मालकिणीचा. म्हणजे तसंही नाही. थांबा, पहिल्यापासून सांगतो.

तारापूरला अणुशक्तीचं काम निघालं तेव्हाची ही गोष्ट, चौसष्ट सालची. मी नगरला एका गॅरेजात मिस्त्री होतो. उस्तादाशी भांडलो, माझा स्वभावच तसा, आणि राहीबाईला घेऊन बोईसरला आलो. राहीबाई म्हणजे माझी बायको. अणुशक्तीच्या कामावर भरती व्हायला गेलो तर तिथेही पहिल्याच दिवशी मुकादमाशी वाजलं. तणतणत फाटकाबाहेर आलो, तर रस्त्याच्या कडेला एक गाडी बंद पडलेली. लष्कराने डिस्पोजलमध्ये काढलेली जुनी अमेरिकन डॉज. पुढे बसकं नाक, मागे उघडा हौदा, पुढच्या चाकांनाही जोर देणारी, वाळूतसुद्धा न रुतणारी दणकट पिकप. आणि शेजारी एक उंच काळीसावळी बाई, काष्टा घातलेली, बॉनेटवर थापा मारत म्हणत होती, "चल गो माजे बाय, चल. रेल्वे निंगून जाईल."

हौद्यात मासळीच्या टोपल्या. मी नाकाला रुमाल लावला, बॉनेट उघडलं, पॉइंट काडेपेटीच्या कडेने घासून साफ केले आणि हँडल मारलं. दुसऱ्या हँडलला गाडी सुरू.

"कुठचा तू?" बाईने विचारलं.

"नगरचा."

"डायवरी येते?"

"ड्रायव्हरी येते, मिस्त्रीकाम येतं. फक्त कुणाचं वाकडं बोलणं खपत नाही."

"मना पन नाय खपत. बस गाडीत."

अशी माझी नोकरी लागली.

ही मालकीण, रखमाबाई, दांडीची. दांडी म्हणजे समुद्रकाठचं मासेमारांचं गाव. नवरा तापाने गेला तेव्हा तिच्याकडे एक होडी राहिली. दीर आत्माराम म्हणाला, होडी माझ्या हवाली कर, तुझा वाटा देत जाईन. बाईने होडी विकली आणि त्यात ही गाडी आणली. अख्खं गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं. पण तिचं म्हणणं सरळ होतं. "होडीवर बाईमाणूस जात नाय. दुसऱ्यावर भरवसा ठेवून किनाऱ्यावर बसायचं. गाडीत मी सवता बसंन." दांडीच्या बायकांची मासळी पूर्वी बैलगाडीने, नाहीतर डोक्यावरून बोईसरला जायची, अर्धी वाटेतच नरम पडायची. आता रखमाबाईच्या गाडीतून तासाभरात रेल्वेवर चढायला लागली.

गाडी घेतली, पण बाईच्या डोक्यातून होडी काही गेली नाही. गाडीचं नाक म्हणजे होडीची नाळ, स्टिअरिंग म्हणजे सुकाणू, आणि हँडब्रेक म्हणजे नांगर. स्टेशन आलं की शेजारून हुकूम सुटायचा, "डायवर, नांगर टाक."

"बाई, त्याला हँडब्रेक म्हणतात."

"तेच बोलते मी. टाक नांगर."

मला चीड यायची. मी काही होडी हाकत नव्हतो. पण गाडी खरंच जातिवंत होती, आणि मिस्त्रीचा जीव तिथे अडकतो. दर रविवारी मी प्लग काढून घासायचो, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरायचो, डिफरन्शियलचं तेल बघायचो. रेडिएटरला दांडीच्या विहिरीचं मचूळ पाणी मी कधी घातलं नाही. बोईसरहून डबा भरून गोडं पाणी आणायचो. बाई ओरडायची, "आमी जनम सगला तेच पानी पितो, गाडीचे काय लाड?" पण डब्याला हात लावायची नाही. इंजिन माझं, हे तिने मानलं होतं.

गाडीच्या खालचं अंग मात्र तिचं. हा करार पहिल्याच उन्हाळ्यात झाला, आणि तो कसा झाला ते सांगतो.

वैशाख संपत आला की दांडीला आगोटीची गडबड सुरू होते. आगोट म्हणजे पावसाच्या आधीचे दिवस. होड्या वर ओढतात, खरवडून कोरड्या करतात, त्यांना तेल लावतात आणि माडाच्या झावळ्यांचे झाप घालून चार महिने झाकून ठेवतात. एक दिवस बघतो तर रखमाबाई आमच्या गाडीखाली आडवी पडलेली. एका हातात करवंटी, दुसऱ्या हातात चिंधी. आणि वास! देवा रे! मुशी नावाचा मासा असतो, त्याच्या काळजाचं तेल कढवून काढतात. तेच तेल ती गाडीच्या पोटाला चोळत होती. चासीला, पाट्यांना, पायरीच्या आतून, हौद्याच्या तळाला, सगळीकडे.

"बाई, हे काय चाललंय?"

"दिसत नाय? तेल लावते. होडीला लावतात तसं."

"होडी लाकडाची असते! हे लोखंड आहे!"

"दर्याला लाकूड काय आनि लोखंड काय. सगलंच खातो तो."

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, मी माळकरी माणूस, मी या तेलाला बोट लावणार नाही. ती म्हणाली, "लाव बोललं कोन? तू इंजिन बग. पोट मी बगते." झाला करार. मग तिने गाडीवर झाप घातले आणि चार महिने गाडी होडीसारखी निजवून ठेवली.

नारळी पुनवेला झाप काढले. होड्यांबरोबर गाडीलाही हळदकुंकू. बाई नारळ घेऊन पाण्याकडे निघाली. मला वाटलं, आपण गाडी चालवतो, मान आपला. मी हात पुढे केला.

"नाय," ती म्हणाली. "नारळ तांडेलाच्या हातनं जातो. तू डायवर."

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, ज्याच्या शब्दावर होडी जाते आणि परत येते. गाडीला तांडेल नव्हता म्हणून नारळ तिनेच सोडला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. वरून दाखवलं की मला काय त्याचं.

दोन वर्षं अशी गेली. मासळीचा वास धुतला की जातो, पण मुशीचं तेल उन्हात तापलं की पुन्हा पहिल्यासारखं घमघमतं. त्यात गाडी अमेरिकन, सुकाणू डाव्या हाताला. बघा, मीही सुकाणू म्हणालो! तर डाव्या बाजूचं सगळं तेल माझ्या नाकाखाली. बोईसरला आमच्या चाळीत सगळी घाटावरची माणसं. एकादशीला राहीबाईकडे भजनाला बायका जमल्या आणि मी दारातून आत आलो, तर दोघी-तिघी पदर नाकाला लावून उठून गेल्या. राहीबाई त्या दिवशी रडली.

"अहो, मला या लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवा," ती म्हणाली. "मिस्त्री आहात की मासळीवाले?"

ते माझ्या वर्मी लागलं.

सहासष्टच्या श्रावणात, गाडी झापाखालून काढली त्याच आठवड्यात, रखमाबाई भाचीच्या लग्नाची बोलणी करायला एडवणला गेली. मी संधी साधली. रॉकेल घेतलं, खरवडणी घेतली, तारेचा ब्रश घेतला आणि गाडीची डावी बाजू, माझी बाजू, पार लोखंडापर्यंत घासून काढली. दोन दिवस खपलो. मग तिला कळू नये म्हणून वरून इंजिनाचं जळकं काळं तेल फासलं. बघणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. आमच्या नगरकडे जळकं तेल एकदा लावलं की तीन-तीन वर्षं लोखंडाला काही होत नाही. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. एडवणहून बाई आली, गाडीत बसली, नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, "आज वास कमी येतो."

"वारा फिरला असेल," मी म्हणालो.

त्या दिवसानंतर मांजरं फक्त उजव्या बाजूला बसायला लागली. मला तेव्हा त्याची गंमतच वाटली.

आता मुख्य गोष्टीवर येतो. गाडी वर्षाचे चार महिने झोपून राहिली तर तिचं पोट भरत नाही. टायर गुळगुळीत झाले होते, बॅटरी दम सोडत होती. सदुसष्टच्या उन्हाळ्यात आत्माराम रोज यायचा, गाडीभोवती फिरायचा आणि म्हणायचा, "वैनी, भंगारवाला वाणगावपर्यंत आलाय. बोलावू?" वर त्याचं पालुपद असायचंच, "बिनतांडेलाची होडी ती, कुठं लागणार?"

एकदा तो गेल्यावर बाई पायरीवर बसली. तिला मी कधी खचलेली बघितली नव्हती.

"डायवर, या पावसात गाडी उभी राह्यली तर ती माजी राहनार नाय. इकावी लागंल. होडी गेली, गाडी गेली, मंग परत टोपली डोक्यावर घेऊन बोईसरपत्तर चालायचं. या वयात." एवढं बोलून ती उठली आणि मासळीच्या टोपल्या धुवायला लागली.

मला चैन पडेना. मीच धावाधाव केली. अणुशक्तीच्या कामावर एका कंत्राटदाराला पावसाळाभर बोईसर स्टेशनातून सामान वाहायला पिकप हव्या होत्या. चिखलातून चालणारी गाडी म्हटल्यावर आमची डॉज म्हणजे अगदी हवी तशी. मी नाव लिहून आलो आणि दांडीला येऊन ओरडतच सांगितलं, "बाई, झाप विका! या पावसात गाडी झोपत नाही!" ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तिने मला ओलं खोबरं दिलं, गूळ दिला. फक्त एक अट होती. आधी गाडी तपासून घ्यायची, पास झाली तरच काम.

तपासणीला फोरमन होता खंडेराव. लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला, मिशीवाला, कमी बोलणारा. हातात एक लहान हातोडी. आमच्याआधी पाच गाड्या होत्या. खंडेराव खाली वाकायचा, हातोडीने ठोकायचा आणि म्हणायचा, "ही गेली." खारा वारा, दुसरं काय. पाचांतल्या चार परत गेल्या.

आमचा नंबर आला. तो आधी उजव्या बाजूला, रखमाबाईच्या बाजूला, खाली गेला. हातोडी वाजली ती कशी, देवळातल्या घंटेसारखी. ठण, ठण, ठण. त्याने बोटाने तेल पुसलं, हुंगलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"हे काय लावलंय?"

"मुशीचं तेल, सायेब," बाई म्हणाली.

त्याने नखाने खरवडलं. तेलाच्या थराखाली लष्कराचा हिरवा रंग जसाच्या तसा होता. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा! खंडेराव कितीतरी वेळ त्या रंगाकडे बघत राहिला. "असली चासी मी लष्करातसुद्धा नाही बघितली," तो म्हणाला. बाई फुलून गेली. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की बघ, होडीचं तेल!

मी मात्र हसलो नाही. खंडेराव डाव्या बाजूला चालला होता.

पहिली हातोडी पडली आणि आवाजच आला नाही. नुसतं भद्द झालं. लोखंडाचे तांबडे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडले. दुसऱ्या ठोक्याला पायरी फाटली. तिसऱ्याला हौदा धरून ठेवणारी पट्टी मधोमध चिरली. नऊ महिन्यांत समुद्राने माझी बाजू खाऊन टाकली होती. माझं जळकं तेल ओल्या वाळूवर पहिल्या महिन्यातच धुऊन गेलं असणार, आणि खाली मी स्वतःच्या हाताने उघडं केलेलं लोखंड. आमच्याकडे हवा कोरडी. इथे हवाच खारी. एवढी साधी गोष्ट मला मिस्त्री असून कळली नव्हती.

खंडेराव कपडे झटकत उठला. "एका गाडीच्या दोन बाजू अशा कशा?"

रखमाबाई वाकून बघत होती. तिने त्या चिरलेल्या पट्टीवरून हात फिरवला. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "माजाच हात कमी पडला असंल, सायेब," ती हळू बोलली. "गेल्या आगोटीला कंबर धरली व्हती. डावीकडं नीट पोचला नसंल हात."

गप्प राहता आलं असतं. अगदी खरं सांगतो, क्षणभर तेच मनात आलं. कुणाला काही कळलं नसतं. पण ती बाई माझं पाप स्वतःच्या कमरेवर घेत होती, आणि ते माझ्याने बघवेना.

"त्यांचा हात कमी नाही पडला," मी म्हणालो. "त्यांनी दोन्हीकडे सारखंच लावलं होतं. डावीकडचं मी खरवडून काढलं. वास येतो म्हणून."

बाईने मान वर केली.

खंडेरावाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मिस्त्री म्हणवतोस?"

एरवी मी त्याच्या अंगावर गेलो असतो. त्या दिवशी मान खाली घातली. "म्हणवत होतो," मी म्हणालो.

त्याने मिशी चावली. मग त्याने बाईला सांगितलं, "बाई, तुमच्या बाजूकडे बघून आठ दिवस देतो. डावी बाजू उजवीसारखी करून आणा. पट्टी नवी, पायरी नवी, आणि वरून ते तुमचं घाणेरडं तेल. नाही जमलं तर नाव खोडलं."

परतीच्या वाटेवर बाई समोर बघत बसली होती. दांडीला घरापुढे गाडी थांबली.

"हँडब्रेक लाव," ती म्हणाली.

तीन वर्षांत पहिल्यांदा तिने बरोबर शब्द वापरला. मी गाडीत तसाच बसून राहिलो. ती उतरली, चार पावलं गेली आणि परत आली. आता मात्र तिचा बांध फुटला.

"वास येतो तर बोलायचा व्हता! तोंड नव्हतं तुला? एरवी तर सगल्या जगाशी भांडतोस! तेल काडलंस त्याचं मना काय नाय. लपवलंस. वारा फिरला बोललास. मी होडी इकून ही गाडी घेतली, आनि तुज्यावर सोडून एडवणला गेले, ते कोनाच्या भरवशावर?"

"चुकलो, बाई," एवढंच म्हणालो. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही.

घरी येऊन मी राहीबाईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं. "म्हणजे माझं बोलणंही त्यात आलंच की," ती म्हणाली. मग हात पुसून उठली. "अहो, बसलात काय? आठच दिवस ना? लागा कामाला."

मी गळ्यातली माळ काढून तिच्या हातात दिली. तिला न विचारता कळलं. तिने माळ देवापुढे ठेवली. "काम झालं की आंघोळ करा आणि घाला," ती म्हणाली. "देव काही नाक दाबून बसलेला नाही."

पाच दिवस मी गाडीखालीच होतो. गंज खरवडला, सडलेला पत्रा कापला, बोईसरच्या लोहाराकडून जाड पट्टी ठोकून आणली, नवी पायरी बसवली. सहाव्या दिवशी सकाळी रखमाबाई करवंटी आणि चिंधी घेऊन आली. कंबर अजून दुखत होती, वाकताना तिच्या तोंडातून "आई गो" निघालं.

मी म्हणालो, "सरका, बाई."

"तू नको. तुज्या गल्यात माल हाय."

"नाही आज. बघा."

तिने माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं. मग करवंटी माझ्या हातात दिली आणि शेजारी वाळूत फतकल मारून बसली. मी गाडीखाली आडवा झालो. पहिली चिंधी बुडवली तेव्हा श्वास रोखून धरला, दुसरीला डोळ्यांतून पाणी आलं, आणि दहावीनंतर काही वाटेनासं झालं. बाहेरून तिचं चालूच होतं. "असं नाय, जिरव, जिरव. नुसतं फासू नको. सांध्यात घाल. बाळाला लावतात तसं चोळ." मी चोळत होतो. उताणा पडल्या पडल्या मला हसू फुटलं. माझी आई बघती तर काय म्हणाली असती!

आठव्या दिवशी खंडेरावाने डाव्या बाजूला हातोडी मारली. ठण! त्याने पास लिहून दिला आणि हळूच मला बाजूला घेतलं. "आमच्या गाड्यांनाही लावून बघावं म्हणतो. एक डबा आणशील?" पंधरा दिवसांत कंत्राटदाराच्या चार गाड्यांना मुशीचं तेल लागलं. आणि काय सांगू, अणुशक्तीच्या फाटकावर मांजरांची ही गर्दी! आता मला कोण बिल्लीवाला म्हणणार?

तो पाऊस आमचा सुखाचा गेला. दांडीच्या सगळ्या होड्या झापाखाली, आणि रखमाबाईची डॉज चिखल तुडवत बोईसर ते तारापूर. नवे टायर आले, नवी बॅटरी आली. आत्माराम भंगारवाल्याचं नाव काढेनासा झाला. बाई बोलायला लागली होती, हसायलाही लागली होती, पण गाडी थांबली की अजून "हँडब्रेक लाव" म्हणायची. ते मला रोज टोचायचं. माझं तोंड कुठे होतं बोलायला?

नारळी पुनव आली. पाऊस थोडा उघडला होता. सगळं गाव किनाऱ्यावर जमलेलं, होड्यांना पताका. आम्ही बोईसरची एक खेप टाकून तसेच आलो होतो, दुसरी खेप बाकी होती, मालगाडी निघायच्या आत सामान उतरवून घ्यायचं होतं. मी गाडी वाळूत पार पाण्याजवळ नेली. राहीबाईही आली होती, पहिल्यांदाच समुद्र बघायला. रखमाबाईने गाडीच्या नाळेला हळदकुंकू लावलं, हार घातला. नारळ सोनेरी कागदात गुंडाळलेला होता. मी बाजूला होऊन उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वीचा अनुभव होता, हात पुढे करायचा नाही एवढं शिकलो होतो.

आत्माराम हसत म्हणाला, "चल वैनी, सोड नारळ. तुज्या होडीला तांडेल कुठं हाय?"

"ह्यो काय उभा," बाई म्हणाली, आणि नारळ माझ्या हातात ठेवला.

राहीबाईने मागून ढकललं तेव्हा मी पुढे झालो. गुडघाभर पाण्यात गेलो, नारळ सोडला, हात जोडले. लाट आली आणि त्याला घेऊन गेली. रडलो का? हो, रडलो. खाऱ्या पाण्यात कुणाला कळतंय.

परत आलो तर बाई केव्हाच गाडीत जाऊन बसली होती.

"चल रे तांडेल," ती ओरडली, "रेल्वे निंगून जाईल. उचल नांगर."

मी सुकाणूवर बसलो आणि नांगर उचलला.